पेसाखसाठी म्हणून विकलेला मात्झा पेसाखला न चालणारा निघाल्याबद्दल तक्रार

ठाणे
12 एप्रिल 2026

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: ‘पासओव्हर स्पेशल मात्झा’ची तीन पाकिटे, दिशाभूल करणारी विक्री आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

10 मार्चला मी आपल्या संकेतस्थळावरून ‘पासओव्हर स्पेशल मात्झा’ची, म्हणजे न आंबवलेल्या पातळ रोटीची, तीन पाकिटे मागवली. प्रत्येकी 1,150 रुपये आणि घरपोच 120, असे 3,570 रुपये आगाऊ भरले. 24 मार्चपर्यंत येतील म्हणून आपण कळवले होते, आली 31 मार्चला संध्याकाळी. नुसत्या उशिरासाठी मी पत्र लिहीत बसले नसते. तक्रार पाकिटावर काय लिहिले होते आणि आपण त्यावर काय चिकटवले याची आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे अलिबागकडचे ज्यू. पेसाख म्हणजेच पासओव्हर, ज्याला मराठीत वल्हांडण म्हणतात, तो यंदा 1 एप्रिलच्या संध्याकाळी लागला. त्या आठ दिवसांत आम्ही आंबवलेले काही खात नाही. त्याच्या आदल्या रात्री घराच्या कानाकोपऱ्यात खमीर, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे पदार्थ, शोधण्याचा विधी असतो. डबे घासून झालेले, सणाची भांडी वरून काढलेली, मैदा, रवा, बिस्किटे, सगळे घराबाहेर. त्या गडबडीत माझ्या मुलीने पाकीट हातात घेतले आणि आपला पांढरा स्टिकर बघितला: छापील किंमत, आयातदाराचा पत्ता, परवाना क्रमांक, हिरवा ठिपका. स्टिकर एका कोपऱ्याला सुटला होता आणि खालून छापील अक्षरे डोकावत होती. तिने खोबरेल तेल लावून तो सावकाश सोलला. खाली उत्पादकाने ठळक अक्षरांत छापले होते, ‘नॉट फॉर पासओव्हर यूज’. उरलेल्या दोन्ही पाकिटांवर स्टिकर नेमका त्याच ओळीवर.

आयात मालावर स्टिकर लावावा लागतो हे मला ठाऊक आहे. पण पाकिटाला सहा बाजू असतात.

1 तारखेला सकाळी फोन केला. आपल्या प्रतिनिधीने पाकिटाचा फोटो मागवला आणि म्हणाले, “मॅडम, घटकांमध्ये फक्त गव्हाचे पीठ आणि पाणी आहे, यीस्ट नाही. मग अडचण काय?” बोलणे नम्र होते, म्हणून त्यांच्यावर राग नाही. पण हा माल विकणाऱ्याला एवढे माहीत असावे. गहू आणि पाणी आमच्या रोजच्या चपातीतही असते. तरी आठ दिवस चपाती बंदच ना? पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत मात्झा भाजून निघाला पाहिजे. त्यापुढे पीठ आंबायला लागले असे धरतात, मग यीस्ट घाला की न घाला. म्हणून पेसाखच्या मात्झाचे पीठ ओलाव्यापासून जपतात, मळायची-लाटायची यंत्रे मध्ये मध्ये थांबवून साफ करतात आणि हे सगळे जाणकाराच्या देखरेखीखाली होते. तोच कारखाना वर्षभर खायचा साधा मात्झा या देखरेखीशिवाय काढतो. दिसायला दोन्ही सारखेच, फरक सांगणारी खूण तेवढी पाकिटावर असते. उत्पादकाने ती प्रामाणिकपणे छापली, आपण झाकली.

1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हगादात, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायच्या पोथीत, साड्या नेसलेल्या बायका मात्झा करताना दाखवल्या आहेत. तेव्हा पीठ कोणाच्या नजरेखाली मळले, हे घरातल्यांना माहीत असे. आता आम्ही पाकिटावर विसंबतो, आणि पाकिटाबाबत आपल्यावर.

“मग यंदा भात खाल्ला तर नाही चालणार का?” असेही प्रतिनिधींनी सुचवले. भात आम्ही पेसाखला खातोच. नारळाच्या दुधातले मटण आणि भात हेच आमचे त्या रात्रीचे जेवण. पण सेदेरच्या, म्हणजे पेसाखच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, ताटाशेजारी तीन मात्झा ठेवावेच लागतात. मधला मोडून अर्धा लपवायचा, मुलांनी तो शोधायचा, जेवण त्याच्या तुकड्याने संपवायचे. भाजलेले हाड, उकडलेले अंडे, लेट्यूस, मिठाचे पाणी, लिंबाचा रस, रात्रभर खजूर भिजवून, उकळून, गाळून आटवलेला शेरा, हे सगळे मी केले होते. शेरा लावायला मात्झाच नव्हता. नात्यातल्या एका बाईंकडे इस्रायलहून आलेली पेटी होती. त्यांनी त्यातले काही दिले, म्हणून दोन्ही रात्रींचे सेदेर निभावले. पुढचे दिवस तांदळाच्या भाकरीवर काढले. त्या बाईंच्या घरी मात्झा कमी पडला, त्याची भरपाई आपण कशी करणार मला कळत नाही, म्हणून मागतही नाही.

आपली पाकिटे सणात घरात ठेवणेही आम्हाला मना होते. 1 तारखेच्या सकाळीच ती शेजारच्या सावंतांच्या मुलांना देऊन टाकली. त्यांनी ती चहाबरोबर खाल्ली, आवडली म्हणतात. तेव्हा “आधी माल परत करा, मग पैसे” हे आपले 3 तारखेचे उत्तर निरुपयोगी आहे. त्या ईमेलच्या तळाशी ‘सणाच्या शुभेच्छांसह’ आपण मला ईस्टरच्या पावांवर 20 टक्के सवलतीचे कूपन पाठवले. वर्षातल्या ज्या आठ दिवसांत आमच्या घरात पावाचा चुराही चालत नाही, नेमके तेव्हा!

माझ्या मागण्या साध्या आहेत. पूर्ण 3,570 रुपये ज्या खात्यातून गेले त्यात परत करा. कूपन किंवा वॉलेटमध्ये रक्कम नको. संकेतस्थळावरून ‘पासओव्हर स्पेशल’ हे शब्द काढा. गोदामात उरलेल्या पाकिटांवरचा स्टिकर दुसरीकडे लावा. आणि हे मला पैशांपेक्षा महत्त्वाचे वाटते: यंदा ज्यांनी ज्यांनी हा मात्झा घेतला त्या सर्वांना लेखी कळवा. आमच्यातली म्हातारी माणसे बारीक अक्षरे वाचत नाहीत. त्यांनी तो सेदेरला खाल्ला असेल आणि त्यांना आजही पत्ता नसेल.

15 दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, संकेतस्थळावरील जाहिरातीचा फोटो, पाकिटाचे स्टिकरसह आणि स्टिकरविना फोटो, 3 एप्रिलचा ईमेल, सोलून काढलेला एक स्टिकर, कागदावर चिकटवून. तेलाचा डाग आमचा आहे.