डिसेंबरातली अंबाडी आणि मे महिन्यातलं लग्न : काकूंना आभाराचं पत्र

आदरणीय काकू,
साष्टांग नमस्कार.

लेकीचं लग्न पार पडलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्याची भांडी परत केली. तुमचे आभार मात्र राहून गेले. घरी येऊन म्हटलं असतं तर तुम्ही "हे काय वो, त्यात काय येवढं" म्हणत चहा ठेवला असता आणि विषयच बदलला असता. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही मला जे शिकवलं ते नागपुरातल्या आणखी घरांत जावं असं मला फार वाटतं. मापं लिहिली तर चालतील का असं विचारलं, तेव्हा तुम्ही हसून "लिही नं" म्हणालात. तेव्हा मापांसकट लिहिते.

सुरुवात झाली ती लेकीच्या हट्टापासून. इंग्लंडात शिकताना तिला एल्डरफ्लॉवरच्या शरबताची गोडी लागली होती. मे अखेरीपासून जूनभर तिथल्या कुंपणांवर ही दुधाळ पांढरी फुलं येतात. लग्नात पाहुण्यांना बाटलीतलं थंड पेय न देता तसंच काही घरचं द्यावं, असं तिच्या मनात होतं. तिने पाठवलेली कृती मी तुम्हाला वाचून दाखवली. सुगंध परागात असतो म्हणून फुलं धुवायची नाहीत, नुसती झटकायची. हिरवे देठ कापून टाकायचे, मग लिंबाच्या चकत्या आणि सायट्रिक ॲसिड घालून फुलं साखरेच्या पाकात दिवसभर भिजवायची आणि गाळून घ्यायची. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि एकच विचारलंत, "लिंबू काहून टाकते मंग? त्या फुलाले स्वतःचा आंबटपणा नाही वाटते." अगदी तसंच आहे. एल्डरच्या फुलात वास आहे, आंबटपणा नाही, तो बाहेरून घालावा लागतो. आपल्या लाल अंबाडीत आंबटपणा, रंग आणि जॅम धरणारं पेक्टिनसुद्धा आहे. तुमच्या त्या एका प्रश्नातून लग्नाचं शरबत ठरलं.

अडचण होती ती काळाची. अंबाडी येते दिवाळीनंतर, थंडीत, आणि लग्न मे महिन्यात, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा. मधले महिने ते टिकवायचं कसं हे तुमच्यामुळेच मला कळलं. कृती सांगणारे खूप भेटतात. प्रत्येक पायरीचं कारण सांगणारं माणूस मला तुमच्या रूपानं भेटलं.

उमरेडकडच्या तुमच्या माहेरी, तुमच्या भावाच्या तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी होती. पोतंभर फुलं आली आणि आपण अंगणात सतरंजी टाकून बसलो. पिवळं फूल तर दिवसभरात कोमेजतं. आपण घेतो ते त्याच्या खालचं लाल, जाड आवरण, आणि त्याच्या आत हिरवं बोंड. सुरीनं एकेक चिरत बसले असते तर माझी सकाळ त्यातच गेली असती. तुम्ही स्टीलची एक पोकळ नळी काढलीत, देठाकडून दाबलीत आणि बोंड टपकन बाहेर. ८ किलोंतून साधारण ४ किलो पाकळ्या, म्हणजे ती लाल आवरणं, निघाल्या. बोंडं टाकायला उठले तर तुम्ही हात धरलात. तीच पाण्यात उकळून गाळली की चिकट पाणी निघतं, आणि त्या पाण्यात पाकळ्या आणि तेवढीच साखर शिजवली की जॅम आपोआप धरतो, वेगळं काही घालावं लागत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास उंच, म्हणून इथं पाणी ९९ अंशांवरच उकळतं आणि जॅम १०४ ला उतरवायचा, पुस्तकातल्या १०५ ची वाट बघायची नाही. हे मी तापमापी हातात घेऊन सांगत होते आणि तुम्ही बशीवर थेंब टाकून बोटानं सुरकुती बघत होतात. दोघींचं उत्तर एकाच वेळी आलं याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

शरबतासाठी एक किलो पाकळ्यांना दीड लिटर पाणी, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, बस. जास्त शिजवलं की तो माणकासारखा रंग तपकिरीकडे झुकतो. भांडं स्टीलचंच हवं. हा रस इतका आंबट की ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेल्या पितळेत तो धातूच खातो. गाळलेला रस वजन करून घ्यायचा आणि १ किलो रसाला १ किलो ८०० ग्रॅम साखर. ऐकून मी दचकले होते. पण साखर एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास गेली की जंतूंना वापरता येईल असं पाणीच पाकात फारसं उरत नाही. तरीही साखर कमी करायची असेल तर तेवढं शरबत फ्रीजमध्ये ठेवावं आणि लवकर संपवावं, हेही तुम्ही बजावलंत. आंबटपणामुळे थोडी साखर फुटते आणि पाक बाटलीत दाणेदार होत नाही, हा आणखी एक फायदा.

बाटल्या भरण्याची संध्याकाळ मला सर्वांत जास्त आठवते. काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या, पाक हात लावता येणार नाही इतका गरम. गरम बाटली कडप्प्याच्या थंड ओट्यावर ठेवली की तडकते, म्हणून लाकडी पाटावर जाड कपडा. आणि भरायची ती गळ्यापर्यंत. वर पोकळी राहिली तर वाफेचं पाणी पाकावर पडतं, वरचा थर पातळ होतो आणि बुरशी तिथूनच येते. झाकण लावून बाटली दोन मिनिटं आडवी करायची, म्हणजे झाकणालाही ती उष्णता लागते.

तरीही आपल्याकडचा उन्हाळा पाहून, फ्रीजबाहेर राहणाऱ्या पाकात तो टिकावा म्हणून सोडियम बेंझोएट घालायचं तुम्ही ठरवलंत. आंब्याच्या स्क्वॉशमध्ये चालतं ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथं नको, कारण त्यातला सल्फर डायऑक्साइड हा लाल रंगच घालवतो. इतवारीतून पुडी आणली, सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर मोजली. १३ किलो पाकाला साडेसात ग्रॅम, तेही आधी थोड्या पाण्यात विरघळवून. "डोळ्यानं मोजायची चीज नाही हे," असं तुम्ही म्हणालात. आयुष्यभर चिमटीनं मीठ घालणाऱ्या बाईनं असं सांगावं, याचं मोल मी जाणते.

मग कोठीखोलीचा खालचा कप्पा, प्रत्येक बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळलेलं, कारण उजेड आणि उष्णता या रंगाचे दोन शत्रू. कूलरच्या खोलीत ठेवायचं नाही, ओलाव्यानं झाकणं गंजतात. होळीनंतर, ऊन तापायला लागल्यावर, मावतील तेवढ्या बाटल्या फ्रीजमध्ये हलवल्या.

लग्नाच्या दिवशी एका वाटीला पाच वाट्या माठातलं पाणी, बर्फ घालायचा तर चारच. वर भाजलेलं जिरं आणि चिमूटभर काळं मीठ. दहा लिटर पाकात तीनशे पेले झाले. वरपक्षाकडचे एक आजोबा उन्हातून आले, पेला संपवला आणि दुसरा मागताना म्हणाले, "हे तर आमच्या धुऱ्यावरचं." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मांडवात पदराआड हसत होतात. लेकीनं डोळे मिटून पहिला घोट घेतला आणि मला म्हणाली, "आई, हेच हवं होतं."

काकू, कंबर दुखत असताना तुम्ही माझ्या अंगणात दिवस दिवस बसलात. कुठलीही युक्ती झाकून ठेवली नाहीत. माझ्या प्रत्येक "का"ला उत्तर दिलंत, आणि जिथं माझ्याकडे उत्तर होतं तिथं ते लेकराच्या उत्सुकतेनं ऐकलंत. या मदतीचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मी आनंदानं बाळगते.

या डिसेंबरात आमच्या मानेवाड्याच्या गल्लीतल्या चौघी जणी शिकायला बसणार आहेत. साखर, बाटल्या, गॅस सगळं आमचं. तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं, खाली सतरंजीवर अजिबात नाही. आणि या वेळी फुलांच्या पोत्याचे पैसे तुमच्या भावांना घ्यायला लावा. मागच्या खेपेस त्यांनी एक रुपया घेतला नाही, ते मला अजून खटकतं आहे.

तुमची,
गल्लीतली शेजारीण