आबा, यंत्र डबीतून काढा

लंडन

ती. आबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही कानाचं यंत्र पुन्हा डबीत टाकलंय, असं आईकडून कळलं. "पंखा, कुकर, हॉर्न सगळं ऐकू येतं, समोरचा माणूस तेवढा येत नाही," ही तुमची तक्रार मला आता पटते. तुमचेच कान माझ्याकडे आलेत. इथल्या एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, मलाही दोन यंत्रं दिली, बॅटऱ्यांसकट फुकट.

रविवारी जवळच्या चर्चमध्ये गाणं होतं. दारावर निळी पाटी, तिच्यावर कान आणि इंग्रजी 'टी'. शेवटच्या रांगेत बसून यंत्राचं बटण 'टी'वर नेलं, तर खोकणी, खुर्च्यांची करकर, सगळं गप्प! गाणारी बाई थेट माझ्या कानात. शेजारून तुमची सून काहीतरी पुटपुटली, ते मात्र कळलं नाही. काय म्हणाली ते अजून सांगत नाही.

करामत साधी आहे. सभागृहाभोवती तार फिरवलेली असते. माइकचा आवाज तिच्यातून गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते यंत्रातली टेलिकॉइल, म्हणजे तारेची बारीक गुंडाळी, पकडते. मधला गोंगाट येतच नाही. जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली इथे याचं पेटंट घेतलं होतं. लंडनच्या काळ्या टॅक्सीतसुद्धा ही सोय असते. एका बँकेत मात्र पाटी चकचकीत आणि प्लग काढलेला. तिथे कुणाचा तरी मोबाइल चार्ज होत होता!

आता ब्लूटूथवर ऑराकास्ट निघालंय. आकाशवाणीसारखं, एकाने सोडायचं, कितीही जणांनी ऐकायचं. माझ्या यंत्रात ते नाही.

तुम्ही एवढंच करा: यंत्रवाल्याला विचारा, "यात टेलिकॉइल आहे का? असली तर चालू करून द्या." बऱ्याचदा ती असते, पण बंद ठेवलेली. अगदी कानात बसणाऱ्या छोट्या यंत्रात तिला जागाच नसते, तुमचं कानामागचं आहे म्हणून आशा. असली तर दिवाळीला येताना टीव्हीसाठी तारेचा संच आणतो. माजघरात शहाबादी फरशीखाली स्लॅबची सळई नाही, हे बरंच. लोखंड हा सिग्नल खातं.

'टी'वर असताना आईची हाक ऐकू येणार नाही. हे तिला आत्ताच सांगू नका.

आपला,
नंदू