गाडीत जीपीएस घ्यायचाय? आधी कपाटातला जुना फोन काढा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पानात एका वाचकाने विचारलं होतं की गाडीत लावायला स्वस्तातलं चांगलं जीपीएस कुठलं घ्यावं, आणि उत्तरात स्क्रीन किती इंची घ्या, ऑनलाइन सेल कधी लागतो एवढंच छापून आलं. मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला कार डेकोरच्या दुकानात स्टिरिओ फिटिंग करतो, दिवसभर हाच धंदा, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र थोडं लांबलंय, कापायचं तर कापा, पण फोनवालं कापू नका.

पहिली गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक येऊन "जीपीएस द्या" म्हणतं तेव्हा त्याला नक्की काय पाहिजे हे बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं आणि दुकानदाराला विचारायची घाई नसते. जीपीएसच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक ट्रॅकर, म्हणजे ती छोटी काळी डबी जी बॅटरीच्या वायरला लपवून लावतात आणि मालकाला घरबसल्या गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं, ती तुम्हाला रस्ता दाखवत नाही. टॅक्सी, बस अशा गाड्यांना एआयएस १४० ह्या सरकारी मानकाचं जे लागतं ते पण ह्याच जातीचं. दुसरा अँड्रॉइड स्टिरिओ, ज्यात मॅप चालतो. आणि तिसरं ते खरं नेव्हिगेशनचं यंत्र, गार्मिन, टॉमटॉम, मॅपमायइंडिया ह्यांचं काचेला चिकटवायचं, एके काळी लोक हौसेने घ्यायचे, आता आमच्याकडे दुकानात कोणी ठेवत नाही. लोकांना पाहिजे असतं तिसरं, घेऊन जातात पहिलं, आणि मग आठवड्याने परत येऊन भांडतात की ह्यात तर स्क्रीनच नाही. ट्रॅकरला वर सिमचं वार्षिक रिचार्ज लागतं ते वेगळंच.

आता पैशाचं बोलू. वरून येणारा सिग्नल सगळ्यांना फुकट आहे. अमेरिकेच्या जीपीएसचे तीसएक सॅटेलाइट जमिनीपासून साधारण २०,२०० किमी उंचीवर फिरतात, तुमचं यंत्र त्यातल्या किमान चारांचा सिग्नल पकडतं आणि वेळेच्या फरकावरून आपण कुठे आहोत ते काढतं, बस. यंत्र वर काही पाठवत नाही, त्याला नेट लागत नाही, सिम लागत नाही. ह्या कामाची चिप आता साध्यातल्या साध्या स्मार्टफोनमध्ये असते आणि मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर जागा सांगतो, महागड्या यंत्राने गाडी चालवणाऱ्याला त्याहून फार वेगळं काही दिसणार नाही. मग पैसे कशाचे? तर नकाशाचे. यंत्रात नकाशा कोणाचा आहे, किती जुना आहे आणि पुढे तो अपडेट कोण करणार, फुकट की पैसे घेऊन, हे तीन प्रश्न विचारले की अर्ध्या दुकानदारांची तोंडं बंद होतात. इंच विचारू नका हो.

जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन सेकंडहँड नेव्हिगेटर हजार-दीड हजाराला मिळतो आणि लोकांना वाटतं घबाड मिळालं. त्यात नकाशा २०१२-१३ चा असला तर समृद्धी महामार्ग त्यात नाहीच, म्हणजे नागपूर ते मुंबई ७०१ किमीच्या रस्त्यावर तुम्ही चालताय आणि यंत्र दाखवतंय की गाडी शेतातून चाललीये. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर टाईप केलं तर सापडणार नाही, जुनी नावं टाकावी लागतील, ती पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि स्पेलिंग त्यांनी ठरवलेलं. शिवाय एक भानगड बऱ्याच जणांना माहीत नाही, जीपीएस तारीख आठवडे मोजून ठेवतं, १०२४ आठवडे झाले की तो आकडा परत शून्यावर येतो, असं एप्रिल २०१९ मध्ये झालं, आणि ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर अपडेट झालेलं नाही त्यातल्या काहींची तारीख तेव्हापासून जवळपास वीस वर्षं मागे गेलीये, काहींना तर सॅटेलाइट पकडायलाच त्रास होतो. विकणारा अर्थातच हे सांगत नाही. म्हणून फुकट मिळालं तरच घ्या, आणि घेतलं तर कंपनीच्या साईटवर त्या मॉडेलला भारताचा नवा नकाशा आजही मिळतो का ते आधी बघा.

अँड्रॉइड स्टिरिओ मी रोज बसवतो त्यामुळे त्याच्याविरुद्ध लिहिलं तर आमचा शेठ चिडेल, पण खरं ते सांगतो. ज्याला गाणी, रिव्हर्स कॅमेरा आणि मॅप तिन्ही पाहिजे त्याने जरूर घ्यावा. फक्त मॅपसाठी घ्यायचा असेल तर नको. चार-पाच हजारातले जे नऊ इंची सेट येतात त्यात रॅम एक किंवा दोन जीबी असते, मॅप उघडून वर गाणं लावलं की सेट गुदमरतो, पुढचं वळण तुम्ही पार केल्यावर बाई सांगते डावीकडे वळा. काही सेटमध्ये सेटिंगला चार जीबी लिहिलेलं दिसतं आणि आत असते दोनच, ते सॉफ्टवेअरमध्ये खोटं लिहिलेलं असतं. नेट द्यायला मोबाईलचा हॉटस्पॉट लावावा लागतो, म्हणजे फोन खिशात पाहिजेच. त्यापेक्षा दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील पण अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले नीट चालणारा सेट बघा, कारण मग डोकं फोनचं चालतं आणि सेट नुसता आरशासारखा दाखवायचं काम करतो, रॅमची कटकट उरत नाही.

आणि फिटिंग करताना समोर उभं राहा. सेटबरोबर एक काळी चौकोनी टिकली येते, खाली मॅग्नेट, मागे लांब वायर, ती जीपीएसची अँटेना. ती डॅशबोर्डच्या वर पुढच्या काचेखाली आभाळ दिसेल अशी चिकटवायची असते. घाईतला फिटर ती गुंडाळून सेटच्या मागे पत्र्याच्या खाचेत कोंबतो आणि मग गिऱ्हाईक म्हणतं सेट डुप्लिकेट आहे, गाडी नदीत दाखवतो. सेट चांगला असतो, अँटेनाच आंधळी करून ठेवलेली असते. दुसरं, वायर कापून जॉइंट मारू देऊ नका, तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा सॉकेट, आणि फ्रेम मागा, त्याचे पैसे वेगळे लागले तरी द्या, नाहीतर वॉरंटीत गाडी नेली की सर्व्हिस सेंटरवाला कापलेल्या वायरकडे बोट दाखवून हात वर करतो. काचेला धातूचा थर असलेली फिल्म असेल तर सिग्नल कमी येतो हे पण लक्षात ठेवा.

आता माझं खरं म्हणणं. घरात एक जुना फोन पडलेला असतोच, काच तडकलेली, मुलाने नवा घेतला म्हणून कपाटात टाकलेला. तोच गाडीचा नेव्हिगेटर करा. सिम नको. घरच्या वायफायवर आतला सगळा कचरा उडवा, गुगल मॅप्समध्ये आपल्याला लागणारा भाग ऑफलाइन डाऊनलोड करा, किंवा ऑरगॅनिक मॅप्स टाका, ते ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतं, अख्खा महाराष्ट्र आणि गोवा फोनमध्ये उतरवून ठेवता येतो आणि रेंज नसताना पण वळणं सांगतं. खेड्यातली दुकानं, हॉटेलं शोधायला ते कच्चं आहे, पण रस्ता सांगायला बरं. मॅपल्स हे मॅपमायइंडियावाल्यांचंच ॲप, ते पण फुकट आहे, पुलाजवळ कुठली लेन धरायची ते चित्र काढून दाखवतं, पुणे-मुंबईवाल्यांना त्याचा उपयोग जास्त, कारण जीपीएसला उंची नीट कळत नाही आणि तुम्ही पुलावर आहात की खालच्या सर्व्हिस रोडला ह्यात सगळेच मॅप गंडतात. सिम नसलेला फोन चालू केल्यावर पहिल्यांदा सॅटेलाइट पकडायला जरा वेळ घेतो, कारण सिमवाल्याला ती माहिती नेटवरून आयती मिळते आणि ह्याला आकाशातून ऐकत बसावं लागतं, तेव्हा बिल्डिंगच्या पार्किंगमधून बाहेर येऊन मोकळ्यात एक-दोन मिनिटं थांबा, मग निघा.

खर्च फक्त होल्डर आणि चार्जरचा, आणि तिथे कंजुषी नको. काचेला लावायचा सक्शनवाला होल्डर मे महिन्यात फोनसकट खाली पडतो आणि उन्हात फोन एवढा तापतो की स्वतःच स्क्रीन मंद करतो, एसीच्या जाळीला लावायचा होल्डर घ्या, गार हवा फोनला लागते. चार्जर सिग्नलला मिळणारा शंभर रुपयांचा नको, मॅप चालू असताना तो जेवढं भरतो त्याहून जास्त फोन खातो, किमान १८ वॅटचा बघा. आणि फोन हातात धरून मॅप बघू नका, ऑक्टोबर २०२० पासून नियमात लिहिलंय की गाडी चालवताना असं उपकरण फक्त रस्ता शोधायला वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. पत्ता निघायच्या आधी टाका.

"नाविक चालतं" असा स्टिकर लावून जास्त पैसे मागतात त्याबद्दल पण विचारणा होते. इस्रोचं नाविक म्हणजे भारताचं स्वतःचं जीपीएस, आपल्या अभिमानाचं काम आहे, २०१३ पासून सॅटेलाइट सोडले, पण काहींमधली अणुघड्याळं बिघडली, नव्या पिढीचा पहिला २०२३ मध्ये गेला, काम चालू आहे. चिपमध्ये सोय असेल तर फोन अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, आपले सगळे सिग्नल एकत्र वापरतो, तुम्हाला काही निवडावं लागत नाही. त्या स्टिकरचे वेगळे पैसे देऊ नका एवढंच.

आता शेवटचं, आणि ह्यात तुमच्या पेपरचं काम आहे. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात मॅप बघत रात्री निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये यूपीत बरेलीजवळ तुटक्या पुलावरून गाडी रामगंगेत पडून तिघं गेले. सॅटेलाइटने जागा बरोबरच सांगितली असणार, नकाशाला पूल बंद आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडचं सांगतो, २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता, वाहतूक भुईबावडा आणि फोंड्यावरून वळवलेली, पण ज्याच्याकडे ऑफलाइन नकाशा होता त्याला तो खुशाल गगनबावड्यावरून करूळमध्ये उतरा म्हणत असणार, मग यंत्र पाचशेचं असो की पंचवीस हजाराचं. घाट बंदचे आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतात, ते तुमच्याकडे येतात आणि आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळीत छापले जातात, तोपर्यंत लोक निघालेले असतात. जून ते सप्टेंबर पहिल्या पानावर हवामानाच्या शेजारी रोज एक चौकट द्या की करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, अणुस्कुरा, आंबोली, कुंभार्ली, वरंधा, ताम्हिणी ह्यातला कुठला चालू, कुठला बंद, कुठला फक्त जड गाड्यांना बंद. जागा लागत असेल तर राशिभविष्य थोडं बारीक टाईपात घ्या.

आपला,
एक वाचक आणि स्टिरिओ फिटर, कोल्हापूर