थर्मामीटरवाल्या काकूंना

काकू,

सा. न. वि. वि.

असं उघड पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हा उद्योग.

नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला आलो, तेव्हा मासे पकडण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. देवगडच्या जेटीवर गरी टाकत वाढलेला मी. तिथी सांगा, भरतीची वेळ सांगतो! इथे लायसन्स काढलं, वर ट्राउट या गार पाण्यातल्या माशासाठी वेगळं परमिट काढलं, दुकानातून फ्रोझन कोळंबी आणली आणि लागोपाठ चार रविवार हात हलवत परत आलो. ऑफिसात कुणालाही विचारलं की एखाद्या ओढ्याचं नाव मिळे. ओढा मैलोन्‌मैल लांब, त्यात उभं कुठे राहायचं ते कुणी सांगेना.

पाचव्या रविवारी, जुलैच्या भर दुपारी, मी पाण्यातल्या माशांना मालवणीत एक सणसणीत शिवी घातली आणि पुलावरून आवाज आला, "कुठले रे तुम्ही?" वर बघतो तर डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीला बांधलेला थर्मामीटर. तुम्ही खाली उतरलात, तो पाण्यात बुडवलात आणि मला आकडा दाखवलात. 73 फॅरनहाइट. "ओढ्याला ताप आलाय. गुंडाळ तुझा गळ."

तेव्हा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. मग तुम्ही समजावलंत. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. 68 च्या वर, म्हणजे आपल्या 20 सेल्सिअसच्या वर गेलं, की ट्राउटला झुंजवायचं नाही. सोडून दिला तरी तो जगेलच असं नाही. मला जिथे दहा-बारा मासे एका जागी दाटलेले दिसत होते, तिथे तळातून गार झरा येत होता. बिचारे जीव वाचवायला आलेले आणि मी त्यांच्या डोक्यावर कोळंबी सोडतोय.

पुढच्या शनिवारी पहाटे तुम्ही स्प्रिंग क्रीक नावाच्या ओढ्यावर नेलंत, पण तासभर रॉडला हात लावू दिला नाहीत. दगड उलटे करायला लावलेत. दगडांखाली मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची पिल्लं, शेवाळात स्कड नावाचे बारीक वाकडे जीव, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले. "तुझी कोळंबी चुकली नव्हती, माप चुकलं होतं," हे तुमचं वाक्य मी आईलाही ऐकवलंय. हा मुलूख चुनखडीचा. पावसाचं पाणी खडकात मुरतं आणि झऱ्यांतून साधारण दहा अंश सेल्सिअसवर बारा महिने बाहेर येतं. म्हणून हा ओढा जुलैत तापत नाही, जानेवारीत गोठत नाही. जांभ्यावर वाढलेल्या माणसाला हे कोण सांगणार होतं?

इथला मासा खायचा नाही, सोडायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. कारखान्यातली रसायनं पाण्यात उतरली, म्हणून 1982 पासून मासे नेण्यावर बंदी आली आणि बाहेरून मासे आणून सोडणंही थांबलं. आज जे ब्राऊन ट्राउट आहेत ते इथेच जन्मलेले. त्यांचे पूर्वज 1880 च्या दशकात अंड्यांच्या रूपात जर्मनीहून अमेरिकेत आले. खरा भूमिपुत्र ब्रूक ट्राउट, तो डोंगरातल्या गार ओढ्यांत. "याला ग्रीन कार्ड लवकर मिळालं," असं तुम्ही ब्राऊनकडे बघून म्हणालात, तेव्हा माझ्या व्हिसाची फाइल अडकलेली होती. हसलो, पण थोडंच.

पहिला ट्राउट लागला तो ऑक्टोबरात. वीतभर. तुम्ही म्हणालात, आधी हात ओले कर. बिनकाट्याचा गळ अलगद निघाला, मासा क्षणभर माझ्या बोटांमध्ये थांबला आणि गेला. आईला फोन केला. "सोडलंस? मग गेलेलास कशाक?" तिला मी अजून सांगितलेलं नाही की ज्यांनी मला हे शिकवलं त्या काकू सदाशिव पेठेतल्या आहेत आणि त्यांनी आयुष्यात माशाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. तिचा विश्वास बसणार नाही.

तुमचं ते वळण, उंबराएवढ्या जाड सिकमोरच्या झाडाखालचं, मी कुणालाही सांगितलेलं नाही; इथेही सांगत नाही. परवा नवीन आलेला एक मुलगा भेटला, त्यालाही आधी दगड उलटे करायला लावले. तो चिडला.

मेअखेरीस पेन्स क्रीक या ओढ्यावर ग्रीन ड्रेक, म्हणजे मोठ्या मेफ्लाय, निघतील तेव्हा गाडी मी काढतो. तुम्ही फक्त गुडघ्याचा पट्टा आणि मेतकूट-भाताचा डबा घ्या. आणि हो, थर्मामीटर माझ्याकडेच राहिलाय. मागू नका.

तुमचा,
देवगडचा शिवराळ मुलगा