बेंद्रे सरांची सोळा वर्षे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यावरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्राला बेंद्रे आठवले याचाच आधी आनंद झाला, कारण आपल्याकडे 'बेंद्रे' म्हटले की धारवाडचे कन्नड कवी द. रा. बेंद्रे डोळ्यांपुढे येतात. मात्र लेखाचा निम्मा भाग त्यांच्या चित्रांना लिलावात काय भाव येतो यातच गेला आहे, आणि 'काही काळ त्यांनी बडोद्यात अध्यापनही केले' एवढ्या एका ओळीत सोळा वर्षे उरकली आहेत. त्यातला तो 'ही' मला फार टोचला. मी ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा टोचणारच.

बेंद्रे १९१० साली इंदूरला जन्मले. तिथे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ते तयार झाले. हे मास्तर पोरांना वर्गात कोंडून न ठेवता उघड्यावर निसर्गचित्रे करायला लावत. इंदूरच्या त्या ठसठशीत, जाड फटकाऱ्यांच्या चित्रांचे मूळ तिथे आहे. पुढे एम. एफ. हुसेन याच शहरात धडपडत असताना बेंद्रे यांनी त्यांचे काम पाहून वडिलांजवळ कौतुक केले आणि त्यामुळे आपली वाट मोकळी झाली, असे हुसेन यांनीच सांगितले आहे. बेंद्रे स्वतः तेव्हा विशीत होते. म्हणजे शिकवण्याची नोकरी मिळण्याच्या कितीतरी आधी हा माणूस मास्तर झालेला होता.

नंतरच्या काळात त्यांनी मुंबईची सरकारी पदविका घेतली, काश्मीरमध्ये पर्यटन खात्यासाठी काम केले, शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोस आणि शिल्पकार रामकिंकर बैज यांचा सहवास अनुभवला आणि न्यूयॉर्कला जाऊन मुद्राचित्रणाचे, म्हणजे ठसे घेऊन छापचित्रे करण्याचे, धडे घेतले. एवढी शिदोरी घेऊन ते १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. ललित कला शाखा तेव्हा नुकती उभी राहत होती. चित्रकलेची विद्यापीठीय पदवी ही गोष्टच आपल्या देशात नवी होती. शिल्पकलेला शंखो चौधरी होते, थोड्याच दिवसांत के. जी. सुब्रमण्यन आले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा दबदबा मोठा, पण तिथली शिस्त ब्रिटिश काळापासून चालत आलेली. बडोद्यात आधी मोडायला काही नव्हतेच, ही बेंद्रे यांची सोय होती आणि जोखीमही.

माझा खरा मुद्दा आता येतो. बेंद्रे यांचा हात विलक्षण होता. निसर्गचित्र असो, आकारांचे कोनाकोनांचे तुकडे करणारी घनवादी (क्युबिस्ट) मांडणी असो की पुढे पुढे ठिपक्याठिपक्यांनी विणलेली खेड्यातली माणसे, हाताला काहीही वर्ज्य नव्हते. असा हात असलेल्या शिक्षकाकडून सहसा नकला तयार होतात. ड्रॉईंगच्या वर्गात आम्हीही हे पाहतो, मास्तरांच्या झाडासारखी चाळीस झाडे! पण बडोद्यातून कोण बाहेर पडले पाहा. गुलाम मोहम्मद शेख गोष्टी रचणाऱ्या चित्रांकडे गेले, ज्योती भट्ट छापचित्रे आणि छायाचित्रांकडे, शांती दवे अमूर्ताकडे. यांतल्या एकाचेही चित्र 'बेंद्र्यांचे' म्हणून खपणार नाही. १९५६ साली निघालेल्या 'बडोदा ग्रुप' या चित्रकारांच्या गटात बेंद्रे आपली चित्रे विद्यार्थ्यांच्या चित्रांशेजारी टांगत होते. आपल्याकडे किती प्राध्यापकांची छाती होईल?

१९५९ साली ते अधिष्ठाता झाले आणि १९६६ साली ते पद सोडून पूर्णवेळ चित्रे काढायला मुंबईला आले. लेखात बेंद्रे खऱ्या अर्थाने सुरू होतात ते इथून, कारण लिलावात दिसणारी बरीचशी चित्रे यानंतरची आहेत. त्यांतली काही मी ऐंशीच्या दशकात मुंबईत एका प्रदर्शनात पाहिली. जवळ गेलो तर नुसते ठिपके, चार पावले मागे आलो तर उन्हात बसलेली बाई. दहा वेळा पुढे-मागे केल्यावर रखवालदार माझ्याकडे संशयाने बघू लागला. त्या चित्रांची थोरवी मी नाकारत नाही.

मी निवृत्त झालो तेव्हापासून माझ्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक आलेला नाही. तो तास गणिताला दिला आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणारी मुले ड्रॉईंगबोर्ड घेऊन माझ्या घरी येतात. कलाशिक्षक ही जागा रिकामी राहिली तरी चालते हे शाळाचालकांना जसे वाटते, तसेच ते आपल्या लेखातही नकळत उमटले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

विनंती एवढीच, की पुढे कधी बडोद्याच्या त्या वर्गांवर स्वतंत्र लेख द्यावा. त्या पिढीतले जे कोणी आज भेटू शकतील, त्यांना आपल्या प्रतिनिधीने 'सर वर्गात आल्यावर आधी काय करायचे' एवढे जरी विचारले तरी पुरवणी भरेल.

आणि हो, लेखासोबतचे चित्र उजवीकडून कापून छापले आहे. त्यात शेळीचे तोंड गेले.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
मिरज