रंगाचा नंबर मागू नकोस

लातूर

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. "टेबलाला कुठला रंग दिलास, नंबर पाठव." एवढंच! नंबर पाठवतो, पण त्याचा तुला काडीचा उपयोग नाही. डब्यावर वॉलनट, म्हणजे अक्रोडी छटा, लिहिलेलं असतं. तुझ्या लाकडावर ते काय दिसेल, ते लाकूड ठरवतं.

आमचं टेबल तू पाहिलंयस. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आपल्याकडं माळवदं उतरवायची लाटच आली होती. डोक्यावर मातीचं ओझं घेऊन झोपायची हिंमत कुणाला होईना. औशाकडच्या आमच्या घराचंही माळवद उतरलं आणि त्यातल्या सागवानी तुळया चिरून बाबांनी हे टेबल करून घेतलं. खुर्च्या मात्र मागाहून विकत आणलेल्या, गडद, लालसर. टेबल पिवळं, खुर्च्या काळपट. नव्या व्याह्यांसारखे दोघं एकमेकांना जपून बसलेले. त्यात कढईच्या बुडाचे पांढरे गोल उमटलेले, ते वेगळेच.

आधी जुनं पॉलिश कशाचं आहे ते बघ. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टेबलाच्या खालच्या बाजूला चोळ. चिकट झालं तर लाखेचं, ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा तसलंच काही. आणि कड नीट निरख. वरच्या रेघा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड भरीव. नुसताच पापुद्रा दिसला तर ते व्हिनियर. ते जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, त्याला मशीन लावलंस की खालचा प्लाय वर आलाच म्हणून समज.

घासायला 80 चा पॉलिश पेपर, मग 120, मग 180, आणि तोही रेघांच्या दिशेनंच. 180 वर थांब. फार गुळगुळीत केलं की लाकूड रंग पीत नाही. फळीची कापलेली तोंडं मात्र अधाशासारखी रंग ओढतात आणि काळी पडतात, म्हणून तेवढी 320 पर्यंत ने. आमच्या फळ्यांत जुन्या खिळ्यांच्या भोकांभोवती काळे डाग निघाले. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो उद्योग. ऑक्झॅलिक ॲसिडनं जातात म्हणे सगळे, पण मी राहू दिले. घराची तेवढी खूण असू दे की.

आता रंग. नुकतंच घासलेलं सागवान फिकट, निस्तेज दिसतं. ते बघून कधीच रंग ठरवू नकोस. स्पिरिटचं फडकं फिरवलं की क्षणभर लाकूड ओलं होतं, रेघा वर येतात. बिनरंगी पॉलिश मारल्यावर साधारण तेच दिसणार. त्यात किती भर घालायची, एवढाच प्रश्न. मी शेड कार्ड घेऊन बसलो होतो, तर मिस्त्री म्हणला, "सर, कार्ड राहू द्या तिकडं, खुर्ची आणा हिकडं." टेबल उलटं केलं आणि त्याच्या पोटावर पट्टे ओढत गेलो, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीनं प्रमाण लिहून. नुसतं वॉलनट पिवळ्या सागावर मातकट, जरा हिरवट वाटलं. तीन भाग वॉलनटमध्ये एक भाग महॉगनी घातल्यावर खुर्चीतली लाली आली. पट्टा वाळला की त्यावर सीलरचा, म्हणजे पॉलिशच्या खालच्या बिनरंगी थराचा, हात द्यायचा आणि मगच बोलायचं. सीलरखाली रंग चांगलाच गडद होतो. एकदा अंगणात बघायचं, एकदा रात्री जेवायच्या खोलीतल्या दिव्याखाली. दोन्हीकडं निकाल वेगळा लागला तर मी दिव्याचं ऐकतो. घरची सगळी माणसं टेबलाशी रात्रीच बसतात ना.

आणि हुबेहूब खुर्चीसारखं करायच्या नादी लागू नकोस. झाक तीच ठेव, पण टेबल अर्धी छटा उजळ असू दे. लई गडद टेबलावर पिठाचा कणसुद्धा दिसतो.

वरचा हात पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचा, मॅट. लाख दिसायला देखणी, पण तिला गरम भांडं सोसत नाही. सागवान तेलकट, म्हणून आधी थिनरचं फडकं फिरव, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही. जवसाचं तेल लाव म्हणणारे भेटतीलच. जवसाची चटणी खाणारी माणसं आपण, तेलाला नावं कशाला ठेवू? पण ते वाळायला वेळ घेतं, आणि त्याच्या फडक्यांचा बोळा कोपऱ्यात फेकला तर आपोआप तापून पेट घेतो. फडकी पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

मृगाच्या आत उरक. दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी साय येते. आणि भर दुपारी नको, मे महिन्यात कुंचला पुढं जायच्या आत थिनर उडून जातो. सकाळचंच काम हे.

फोटो पाठवू नकोस, मोबाइल रंगाबाबत खोटं बोलतो. तुझी एक खुर्चीच घेऊन ये. नांदेडहून अहमदपूर, चाकूर करत एसटी येते, कंडक्टर कुरकुरला तर तिचं अर्धं तिकीट काढ. माझ्याकडं अर्धा डबा स्टेन, म्हणजे तोच लाकडाचा रंग, उरलाय आणि मिस्त्रीही सध्या रिकामा आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंडू