94 वर अडलेल्या इंटरनेटची गाठ सोडवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. तुम्ही ज्या क्रमाने आमचं मंदावलेलं इंटरनेट तपासलंत, तो क्रम आणखी कुणाच्या कामी आला तर बरंच.

जो तो एकच सांगत होता: राउटर बदला, नाहीतर मोठा प्लॅन घ्या. तुम्ही दोन्हींचं नाव काढलं नाहीत. राउटरशेजारी उभ्या राहिलात आणि मोबाइल 5 गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या वेगवान पट्ट्यावर, घेऊन स्पीड टेस्ट लावलीत. 300 एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) प्लॅनवर 250 च्या वर आकडा आला. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत. मग केबलने जोडलेल्या संगणकावर तीच टेस्ट, तर 94. परत लावली, परत 94. तारेपेक्षा वाय-फाय वेगवान, हे कोडं आम्हाला पडलेलं. तुम्ही मात्र हसलात. नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांमधला ठरलेला वेग, दाखवलात: 1000 ऐवजी 100.

इथरनेट केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, चारही लागतात, 100 ला दोनच पुरतात. कनेक्टरपाशी उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तर केबल सहसा बंद पडत नाही, दोन्ही टोकं मुकाट्याने 100 वर तडजोड करतात. त्यातून पॅकेटचा, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणाऱ्या पत्त्यांचा, वरखर्च वजा झाला की हातात साधारण 94 उरतात. चालू असलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा कुणी! गिगाबिट झेपणारी नवी कॅट 5ई केबल लावली आणि आकडा 300 च्या घरात गेला. जुनी केबल तुम्ही फेकू दिली नाहीत. पेनने तिच्यावर ‘100’ लिहून प्रिंटरला जोडलीत.

डाउनलोडमध्ये ‘फक्त 35’ दिसतात म्हणून धाकटा कुरकुरत होता. ते मेगाबाइट, प्लॅन मेगाबिटचा, आठाने गुण, एवढं सांगून त्याला गप्प केलंत.

आतल्या खोलीचं दुखणं वेगळं निघालं. टीव्हीमागे दडलेला राउटर उंचावर, मोकळ्यावर आणलात. 2.4 गिगाहर्ट्झला 1, 6, 11 यांतला कमी गर्दीचा चॅनेल दिलात. फरक पडला, पण तिथे 300 येणार नाहीत हेही तुम्ही आधीच सांगून टाकलंत, कारण 5 गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दमतं. खोटी आशा लावली नाहीत, याचे आभार सगळ्यात जास्त.

स्वस्तातला रिपीटर, म्हणजे वाय-फाय पुढे पोचवणारा डबा, एकाच बँडवर (पट्ट्यावर) घेतो आणि देतो, त्यात वेग निम्म्यावर येतो, हे तुमचं म्हणणं पटलं. त्यामुळे आतपर्यंत केबल ओढून तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथूनच वाय-फाय देणारा डबा, लावायचं ठरवलंय. आठही तारा तपासणारा तुमचा तो टेस्टर रविवारी मिळेल का?

तुमची शेजारीण